मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष कुठला लिहायचा? (न्यू जर्सी)

मृद्गंध

नमस्कार मंडळी, जुने धागे चाळले पण नेमकं सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या दोघांची अमेरिकन नागरिकत्वाची ओथ झाली एकदाची (एच वन व्हिसापासून मोजलं तर सतरा वर्षं, ते रडगाणं पुन्हा कधीतरी). हॉलच्या बाहेर टेबल टाकून दोन आज्ज्या बसल्या होत्या, त्यांनी अभिनंदन करून हातात मतदार नोंदणीचा फॉर्म दिला. नवऱ्याने तिथेच उभ्या उभ्या भरून देऊन टाकला. मी मात्र घरी घेऊन आले कारण एका रकान्यावर गाडी अडली. विचारलंय की पक्ष जाहीर करायचाय का, करायचा असेल तर कुठला.

आता माझे बाबा सातारला झेडपीचे मास्तर, दर निवडणुकीला ड्युटी लागायची, पेट्या घेऊन कुठल्या कुठल्या वाडीवर जायचे. त्यांनी आयुष्यात आईलासुद्धा सांगितलं नाही मत कोणाला दिलं. आम्ही विचारलं तर म्हणायचे मत गुप्त असतं, पुढचं विचारू नका. आणि इथे सरकारी कागदावर लिहून द्यायचं की मी अमक्या पक्षाची? मला कसंतरीच झालं.

तर प्रश्न असे की हे लिहिणं सक्तीचं आहे का, लिहिलं तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांनाच मत द्यावं लागतं का, नंतर बदलता येतं का, आणि आमच्या गल्लीतल्या लोकांना कळणार का? आम्ही एडिसनच्या जवळ आहोत. आणि हो, सातारच्या यादीत माझं नाव अजून आहे म्हणे, त्याचं काय करायचं?

जुनं_खोड

अभिनंदन ताई! सक्तीचं नाही. नको म्हणून खूण केली तर तुम्ही अनअफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पक्षाचे नाही, तरी नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसारखंच मत देता येतं, आणि पक्ष लिहिला तरी नोव्हेंबरमध्ये कोणालाही द्या, आत पडद्यामागे कोणी बघत नाही. तुमच्या बाबांचं गुप्त मत इथेही गुप्तच आहे.

गडबड होते ती अफिलिएशन या शब्दाने. आपल्याला वाटतं पक्षात प्रवेश केला, गळ्यात उपरणं घातलं. तसं काही नाही हो, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, सतरंज्या उचलायला कोणी बोलवत नाही. याचा उपयोग फक्त प्रायमरीपुरता. प्रायमरी म्हणजे काय, आपल्याकडे एबी फॉर्म कोणाला द्यायचा ते मुंबईत नाहीतर दिल्लीत बसून ठरतं आणि बाकीचे रात्रभर बंगल्याबाहेर उभे राहतात, शेवटच्या दिवशी कोणीतरी रडत रडत बंडखोरी करतो. इथे तो एबी फॉर्म कोणाला द्यायचा हे जूनमध्ये मतदार ठरवतात, पण त्या त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदार. म्हणून विचारतात.

न्यू जर्सीचं बरं आहे, अनअफिलिएटेड माणूस प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन सांगू शकतो की मला अमक्या पक्षाची मतपत्रिका द्या. मात्र त्या क्षणापासून तुम्ही त्या पक्षाच्या खात्यात जमा, आणि पुढे आपणहून कागद भरून बदलेपर्यंत तिथेच. बदलायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, आयत्या वेळी उडी मारता येत नाही. आणि टपालाने मत देणार असाल तर प्रायमरीची मतपत्रिका घरी यायला आधी पक्ष सांगावा लागतो. नोंदणी कुठल्याही निवडणुकीच्या २१ दिवस आधी झालेली हवी, फॉर्म पर्समध्ये ठेवून विसरू नका, ऑनलाइनही होते आता.

गल्लीचं म्हणाल तर, नाव पत्ता पक्ष आणि कुठल्या कुठल्या निवडणुकीत मत द्यायला गेलात एवढं यादीत असतं आणि ती यादी उमेदवारांना मिळते. कोणाला दिलं ते नसतं. शेजारी कशाला बघायला जातोय, पण फोनवर मेसेजचा पाऊस पडेल त्याची तयारी ठेवा.

आगाऊ_कार्टा

काही लिहू नका. दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी, नोव्हेंबरमध्ये जो कमी वाईट वाटेल त्याला द्या आणि मोकळे व्हा. प्रायमरी वगैरे रिकामटेकड्यांची कामं.

क्वीन्सची_ठमी

@आगाऊ, नोव्हेंबरमध्ये द्यायला कोण उरतं ते बघितलंयस का कधी? आमच्या इथे एका पक्षाची इतकी चलती आहे की नोव्हेंबर म्हणजे नुसता उपचार, लग्न आधीच लागलेलं असतं आपण फक्त जेवायला जातो. २०१८ ला आमच्याच भागात जो क्राउली नावाचे वीस वर्षांचे मुरलेले खासदार, पक्षातले वरचे नेते, त्यांना नवख्या ओकासिओ-कोर्टेझने प्रायमरीत उडवलं. सगळी मिळून मतं किती पडली तर तीस हजाराच्या आतबाहेर. आख्ख्या मतदारसंघाचा निकाल तेवढ्या रिकामटेकड्यांनी लावला, बाकीचे तुझ्यासारखे नोव्हेंबरची वाट बघत होते.

मृद्गंध, तुमचं न्यू जर्सी सोपं आहे गं, न्यूयॉर्कमध्ये दार बंद. पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीत शिरकाव नाही, केंद्रावर जाऊन सांगते वगैरे चालत नाही. आणि पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत, हो व्हॅलेंटाइन डे, आता प्रेम जाहीर करा नाहीतर पुढच्या वर्षी. आधी तर याहून वाईट होतं, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच मुदत संपायची. २०१६ ला ट्रम्प स्वतः उभे होते आणि त्यांच्या मुलीला इव्हान्काला आणि मुलाला एरिकला न्यूयॉर्कच्या प्रायमरीत वडिलांना मत देता आलं नाही, कारण पक्षाची नोंद वेळेत केली नव्हती! एवढे वकील पदरी असून. मग आपलं काय घेऊन बसलात. २०२५ ला न्यूयॉर्कच्या महापौराच्या प्रायमरीत ममदानी विरुद्ध कुओमो चाललं होतं तेव्हा माझ्या ऑफिसातल्या दोन देशी पोरी रडकुंडीला आल्या होत्या, दोघींनी फॉर्मवर कुठलाच पक्ष नाही असं लिहिलेलं, का तर उगाच कशाला.

टेक्ससचा_तात्या

आमच्या टेक्ससात हा रकानाच नाही बुवा. विषय संपला. मार्चमध्ये प्रायमरीला जायचं, कुठली मतपत्रिका पाहिजे ते सांगायचं, त्या वर्षापुरते तुम्ही त्या पक्षाचे. मेमध्ये रनऑफ (पहिल्या दोघांत पुन्हा मतदान) झाला तर मात्र पक्ष बदलून दुसरीकडे घुसता येत नाही, एवढीच अट. पण आमचा त्रास वेगळा, साधी ऑनलाइन नोंदणी नाही, कागद भरून सही करून पाठवा आणि तोही ३० दिवस आधी. लायसन्स ऑनलाइन रिन्यू करताना होते तेवढीच.

मिशिगनलाही रकाना नाही. आपले श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेला माणूस, २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले, तेव्हा लोक म्हणाले संपलं. २०२२ ला डेट्रॉइटच्या खासदारकीच्या जागेसाठी प्रायमरीत ही गर्दी, मतं फुटली, आणि हे तीस टक्क्यांच्याही आत राहून जिंकले, पुढे नोव्हेंबर सहज. म्हणजे बघा, बेळगावच्या पोराला वॉशिंग्टनला पाठवायचं की नाही ते ऑगस्टमध्येच ठरलं होतं. तो माणूस आवडो न आवडो, मुद्दा प्रायमरीचा आहे.

फ्रीमाँटकर

एक गंमत सांगतो, गंमत कसली, आमच्याच घरात झाली. कॅलिफोर्नियात फॉर्मवर पक्षांची यादी असते. बायकोला कुठलाच पक्ष नको होता, तिने यादीत इंडिपेंडंट शब्द बघितला आणि खूण केली. तो निघाला अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी, खराखुरा पक्ष! हाच तो ज्याने १९६८ ला जॉर्ज वॉलेसला उभं केलं होतं, काळ्या गोऱ्यांना वेगळं ठेवा म्हणणारा. कोल्हापूरची माझी बायको चार वर्षं त्या पक्षात होती आणि तिला पत्ता नाही. अशी हजारो माणसं आहेत तिकडे चुकून गेलेली. आमच्याकडे पक्ष नको असेल तर नो पार्टी प्रेफरन्स लिहिलेलं असतं तेच बघून खूण करायची. बाकी आमची प्रायमरी वेगळीच, सगळे पक्ष एकाच कागदावर आणि पहिले दोन नोव्हेंबरला, कधी कधी दोघेही एकाच पक्षाचे. राष्ट्राध्यक्षाच्या प्रायमरीला मात्र पक्षाची वेगळी मतपत्रिका मागावी लागते, आणि रिपब्लिकन तर नोंद असल्याशिवाय देतच नाहीत. मतपत्रिका सगळ्यांच्या घरी टपालाने येते, सही नीट करा फक्त, लायसन्सवरच्या सहीशी ताडून बघतात आणि आपल्या सह्या दर वर्षी बदलतात.

निशिगंधा

विषयाला सोडून आहे पण लिहितेच. घरात ग्रीन कार्डवाले आईवडील सासूसासरे असतील तर त्यांना हे फॉर्म भरू देऊ नका!! लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचं विचारतात, १९९३ चा कायदा आहे तसा. आमच्या सासूबाई मशीनवर सगळ्याला येस येस दाबत चालल्या होत्या, मतदार व्हायचंय का येस, सिटिझन आहात का वर बोट पोचायच्या आत मी हात धरला. त्यांचं म्हणणं, अगं मी पुण्यात दर वेळी मत देते, नाही कशाला म्हणू. ग्रीन कार्डवर असताना नोंदणी केली, मत दिलं तर नॅचरलायझेशनच्या (नागरिकत्वाच्या) अर्जात नेमकं तेच विचारतात, देशाबाहेर काढण्यापर्यंत पाळी येऊ शकते. चुकून झालं हे सांगत बसायला वकील लागतो.

जुनं_खोड

निशिगंधाने बरं लिहिलं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मृद्गंध ताई, तुमचा सातारचा प्रश्न राहिला. अमेरिकन पासपोर्ट आला की भारतातलं मत गेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मतदान नाही. फॉर्म ७ असतो नाव वगळायचा, तो द्या. जे अजून भारतीय पासपोर्टवर आहेत त्यांना फॉर्म ६ए भरून तिथे नाव लावता येतं, पण मत द्यायला स्वतः जावं लागतं, तिकीट काढून.

आणि आमच्याकडची एक गंमत राहिलीच, न्यू जर्सीत प्रायमरीला सुद्धा हायकमांड होतंच बरं का. काऊंटीच्या पक्षाने ज्यांना आशीर्वाद दिला ते सगळे मतपत्रिकेवर एका ओळीत झोकात, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात हाकललेले, त्याला लाइन म्हणायचे. २०२४ ला सेनेटसाठी उभे असलेले खासदार अँडी किम कोर्टात गेले आणि मार्चमध्ये फेडरल न्यायाधीशाने ते थांबवलं. म्हणून म्हणतो आत्ता कुठे तुमच्या माझ्या प्रायमरीच्या मताला वजन आलंय, जा जूनमध्ये. स्कूल बोर्डाला पक्ष नसतो, ते बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरला असतं, ते तर चुकवूच नका, आपली सगळी धडपड शाळांसाठीच असते शेवटी.

आगाऊ_कार्टा

बरं बाबा, बघतो. माझं काय नोंदलंय मलाच आठवत नाहीये.

मृद्गंध

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एबी फॉर्मवरून एका मिनिटात कळलं. मी ठरवलंय आत्ता कोरा ठेवते आणि जूनमध्ये केंद्रावर जाऊन सांगते काय ते, आधी उमेदवार कोण आहेत ते तरी बघू दे. ठमी ओरडेल पण न्यू जर्सीत चालतंय तर घेते सवलत. फॉर्म ७ भावाला सांगितलाय.

नवऱ्याला विचारलं तू काय लिहिलंस रे त्या दिवशी, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो मत गुप्त असतं.

क्वीन्सची_ठमी

मत गुप्त असतं, पक्ष नाही. सांग त्याला.

मृद्गंध

सांगायची गरज पडली नाही. आजच्या टपालात त्याच्या नावाचं चकचकीत पत्रक आलंय, डियर फेलो अमुक अमुक म्हणून पक्षाचं नाव घालून. फ्रीजवर लावून ठेवलंय, संध्याकाळी येईल तेव्हा बघेल.