कोरडा दिवस पाळायचा कसा?

'डेंग्यू लोकांच्या बेफिकिरीमुळे होतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी ओतून कोरडी केली, की झालं' हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. सोलापुरात नळाला उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. दोन खोल्यांच्या घरात बॅरल, हंडे, कळश्या भरून ठेवाव्याच लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो तोही अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, साधारण ८ ते १० दिवसांत. घरोघरी येणाऱ्या आरोग्यसेविका आशाताईने बॅरल ओतायला सांगितलं, तर घरातल्या बाईने पुढचे दिवस काढायचे कशावर?

सोलापूरच्या पूर्व भागात अशा कित्येक घरांत त्याच खोलीत विड्याही वळतात. तंबाखूची धूळ, चूल, पोरांचा अभ्यास, सगळं एकत्र. विडी कामगारांच्या दवाखान्यांना, शिष्यवृत्त्यांना १९७६ च्या कायद्याने विड्यांवरच्या उपकराचा आधार होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांना हक्काची घरं मिळाली, ते मला आरोग्याचंच काम वाटतं, खातं कुठलं का असेना.

पाणी रोज येईपर्यंत महापालिकेने निदान बॅरलला घट्ट बसणारी झाकणं वाटावीत. धुरळणीने अळ्या मरत नाहीत.