पडद्याचा रॉड भिंतीऐवजी खिडकीच्या चौकटीलाच मारला तर चालतो का?

उचापती

मंडळी जरा मदत पाहिजे. दोन खिडक्यांना पडदे लावायचेत, रॉड आणून ठेवलेत, ब्रॅकेट आहेत, पण भिंत काही दाद देत नाहीये. खिडकीच्या वर ड्रिल लावलं की आधी प्लास्टर भसाभस निघतं आणि मग पाऊण इंचावर बिट जागच्या जागी नुसतं फिरत बसतं, कितीही जोर लावा, मशीन तापतं पण भोक पुढे सरकत नाही. आता असं वाटायला लागलंय की भिंतीचा नादच सोडावा आणि ब्रॅकेट सरळ चौकटीला स्क्रूने मारून मोकळं व्हावं. एक खिडकी जुन्या लाकडी चौकटीची आहे, पल्ले आत उघडतात. दुसरी अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग, तिला मच्छरजाळीचं शटर पण आहे. दोन्ही साधारण ५ फूट रुंद. असं कोणी केलंय का? टिकतं का? लाकूड चिरतं बिरतं का? भिंतीचा काही उपाय असेल तर तोही चालेल, पण मोठं मशीन माझ्याकडे नाही.

टेकू

भिंतीचं आधी सांगतो. तुम्हाला लागतंय ते लिंटेल आहे, खिडकीवरच्या विटांचं ओझं पेलणारी काँक्रीटची आडवी पट्टी. साधं हॅमर ड्रिल विटेत मस्त जातं, पण काँक्रीटमधला खडीचा दगड समोर आला की त्याची हवा जाते. तिथे रोटरी हॅमर लागतो, त्यात आतला पिस्टन मागून बिटाला ठोके देतो त्यामुळे माणसाला जोर लावावा लागत नाही, नुसतं धरून ठेवायचं. आणि भोकातून राखाडी पिठाऐवजी चकचकीत कीस यायला लागला तर ती सळई आहे, तिथे थांबा, इंचभर सरकून दुसरं भोक घ्या, सळई कापायला जाऊ नका.

मशीन नसेल तर दुसरी वाट म्हणजे लिंटेल चुकवणं. ते साधारण ६ इंच उंच असतं आणि दोन्ही बाजूंना ६ इंच किंवा थोडं जास्त भिंतीत शिरलेलं असतं, म्हणजे खिडकीच्या कडेपासून ९-१० इंच बाहेर गेलात तर बहुतेक वेळा वीट लागते. विटेची भुकटी लालसर येते, काँक्रीटची राखाडी, त्यावरून लगेच कळतं. फक्त बऱ्याच इमारतींमध्ये लिंटेलचा पट्टा सगळ्या भिंतीभर सलग फिरवलेला असतो, तसं असेल तर बाजूला सरकून उपयोग नाही, मग वर सरका.

आणि एक बाळबोध प्रश्न, राग मानू नका, मशीन हॅमर मोडवर आहे ना? आणि बिट भिंतीचंच आहे ना, टोकाला ती रुंद पाचर असलेलं?

उचापती

हॅमर मोडवरच आहे आणि बिटही भिंतीचंच आहे टेकूभाऊ. बाजूला सरकून बघतो, पण एका खिडकीच्या उजवीकडे लगेच कोपरा आहे, तिकडे ९ इंच जागाच नाही.

रंधा

लाकडी चौकटीला बिनधास्त मारा. जुनं कडक लाकूड असेल तर भिंतीपेक्षा जास्त धरतं. पण आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालायचा नाही, हे पाळलंत तर चौकट चिरायचं कारण नाही. ८ नंबरचा स्क्रू घेतला तर कडक लाकडाला ३ मिमीचं बिट, मऊ लाकडाला अडीच. हॅमर मोड बंद करा, आणि भिंतीचं बिट लाकडात घालू नका, ते कापत नाही, नुसतं घासून जाळतं. लांबी दीड इंच पुरे. बिटाला तेवढ्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा म्हणजे किती आत गेलं ते दिसतं. स्क्रूच्या आट्यांवर साबण घासा, साधा अंगाचा साबण चालतो, मग बघा कसा सरसर जातो, नाहीतर कडक लाकडात डोकं झिजून स्क्रू अर्ध्यातच अडकतो आणि मग ना आत ना बाहेर. पितळी स्क्रू वापरायची हौस असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, पितळेचा थेट घातला तर मानेत तुटतो.

भोक कडेला घ्यायचं नाही. चौकटीच्या कडेपासून पाऊण इंच तरी आत. आणि पल्ला जिथे टेकतो तिथे चौकटीला खाच असते, त्या बाजूला लाकूड पातळ असतं, तिकडे स्क्रू गेला तर टोक बाहेर येऊन पल्ला अडकेल. बोटाने चाचपून बघा खाच कुठपर्यंत आहे ते.

जुन्या चौकटीत वाळवीने पोखरलेला भाग असू शकतो. टोच्याने दोनचार ठिकाणी टोचा, सहज आत गेला तर तिथे काही लावू नका.

खिडकीवाली

यूपीव्हीसीला पण हेच चालेल का? आमच्याकडे पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या आहेत.

रंधा

@खिडकीवाली ते माझं काम नाही, टेकू सांगतील. मी लाकडापुरतं बोलतो.

टेकू

@खिडकीवाली यूपीव्हीसी आतून पोकळ असतं, कप्पे कप्पे असतात आणि मधल्या कप्प्यात लोखंडी पट्टी घातलेली असते. नुसत्या प्लास्टिकमध्ये स्क्रू धरत नाही, पट्टीपर्यंत गेला तर धरतो, पण बाहेरून पट्टी कुठे आहे ते दिसत नाही आणि भोक पाडल्यावर कंपनी वॉरंटी मान्य करेल याचा भरवसा नाही. आधी विचारून घ्या. मी तर भिंतच बघेन.

सावकाश

सगळे स्क्रूवर बोलताय, पण त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात.

पहिली म्हणजे पल्ले. लाकडी खिडकीचे पल्ले आत उघडतात असं लिहिलंय. ब्रॅकेट चौकटीच्या रुंदीतच मारले तर रॉड ५ फुटांचाच राहणार, पडदा बाजूला सारला तरी त्याचा गोळा दोन्हीकडे ७-८ इंच काचेसमोरच बसणार, आणि पल्ला उघडला की तो गोळा घेऊनच आत येणार. रोज खिडकी उघडताना पडद्याशी मारामारी. त्यामुळे अशा खिडकीला रॉड चौकटीच्या बाहेर दोन्हीकडे निदान ८-१० इंच जायलाच हवा, आणि पल्ल्याच्या वरच्या कडेपासून अर्धा इंच तरी वर हवा.

दुसरी म्हणजे ओढ. पडद्याचं वजन लोक उगाच धरतात. साध्या जाड कापडाचा ७ फुटी पडदा किलोभराच्या आतबाहेर, रॉडही तेवढाच. ब्रॅकेट उखडतात ते ओढण्याने. हिशोब करा, रॉड भिंतीपासून साडेतीन इंच पुढे आहे, ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या कडेपासून इंचभर वर आहे. कोणी ५ किलोच्या जोराने पडदा खाली खेचला तर वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारा जोर १७ किलोहून थोडा जास्तच होतो. लहान मूल पडद्याला लोंबकळलं तर किती ते तुम्हीच काढा. म्हणून ब्रॅकेट निवडताना पाठीची पट्टी उंच बघा, दोन भोकांमध्ये जितकं अंतर जास्त तितकं बरं, आणि पुढे आलेला दांडा गरजेपुरताच.

आता सांगा, चौकटी भिंतीच्या पातळीत आहेत का आत बसवलेल्या?

चकमक

इतका काथ्याकूट कशाला. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला सेल्फ टॅपिंग (स्वतःच आटे पाडत जाणारे) स्क्रू मारलेत, कित्येक वर्षं पडदे लटकतायत, काही झालेलं नाही. मारा आणि झोपा.

टेकू

@चकमक पडदा हलका असेल तर राहतील, नाही म्हणत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनची भिंत असते सव्वा ते दीड मिमी, कधी त्याहून पातळ. ८ नंबरच्या सेल्फ टॅपिंग स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर साधारण १.४ मिमी. म्हणजे इंचभर लांब स्क्रू घाला नाहीतर दोन इंच, धरणारा आटा एकच, बाकी सगळा पोकळीत लोंबकळतोय. वर सावकाश यांनी १७ किलोचा हिशोब दिलाय तो त्या एका आट्यावर येतो. पडदा रोज सर्रकन ओढणारा कोणी असेल तर भोक मोठं होत जातं आणि एकदा आटा गेला की जाडा स्क्रू घालायचा, मग अजून जाडा. लावायचंच असेल तर रिव्हेट मारा, किंवा रिव्हेट नट (पातळ पत्र्यात पक्का बसणारा आट्यांचा नट) बसवून त्यात बोल्ट घाला म्हणजे पुढे खोलता येतं.

आणि फ्रेमच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला छोट्या फटी असतात. ड्रिलचा कीस तिथे जाऊन बसला तर पुढच्या पावसात पाणी घरात. काम झाल्यावर ब्रशने नीट झाडून काढा, आणि स्क्रूचं टोक शटर सरकतं त्या खोबणीत येणार नाही ना ते आधी शटर पूर्ण सरकवून बघा.

चकमक

बरं बाबा, आमचे पडदे झिरझिरीत आहेत हे खरं.

उचापती

@सावकाश लाकडी चौकट भिंतीच्या पातळीत आहे, खरं तर प्लास्टरपेक्षा किंचित पुढेच आलीये. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी भिंतीत ५ इंच आत आहे. कोपरा आहे तो या दुसऱ्या खिडकीला. पल्ल्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं विचारलंत.

रंधा

मग लाकडी खिडकीला पट्टी मारा, काम सोपं झालं. पाऊण इंच जाड, तीन इंच रुंद लाकडी पट्टी घ्या, चौकटीपेक्षा दोन्हीकडे ९-९ इंच लांब. ती चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला चार ठिकाणी स्क्रूने आवळा, स्क्रू एका रेषेत नको, एक वर एक खाली असे नागमोडी, म्हणजे पट्टी पिळवटत नाही. इथे स्क्रू दोन इंची लागतील कारण पट्टीची जाडी पण धरायचीय. पट्टीतलं भोक स्क्रूएवढं सैल ठेवा आणि चौकटीतलं बारीक, तरच पट्टी चौकटीला घट्ट खेचली जाते, नाहीतर मध्ये फट राहते. पट्टीचा वरचा थोडा भाग भिंतीवर गेला तरी हरकत नाही. चौकट प्लास्टरच्या पुढे आहे त्यामुळे टोकं भिंतीला घासणार नाहीत. मग ब्रॅकेट पट्टीच्या टोकांना, भिंतीत एकही भोक नाही. एक ब्रॅकेट मधोमध पण लागेल, साडेसहा फुटांचा रॉड मधून वाकतोच. दोन पडदे मध्यावर मिळतात त्यामुळे तो आड येत नाही. ब्रॅकेटचे स्क्रू पट्टीपुरते, पाऊण इंचाहून लांब घेतलेत तर टोक मागून निघून भिंत खरवडेल. पट्टीला भिंतीचा नाहीतर चौकटीचा रंग मारला की कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि पट्टी घेताना सरळ बघून घ्या, एक डोळा मिटून लांबीच्या दिशेने बघितलं की बाक दिसतो.

सावकाश

आणि दुसऱ्या खिडकीला फ्रेमला हातच लावू नका. ५ इंच आत आहे म्हणजे दोन्ही बाजूंना भिंतीचे गाल, म्हणजे समोरासमोरच्या आतल्या बाजू आहेत. रॉडच्या टोकांना बसतात ते गोल कप मिळतात, ते समोरासमोरच्या गालांना लावा आणि रॉड मध्ये. गालात लिंटेल जरा खाली उतरलं की संपतं, बहुतेक वीटच मिळेल, तुमचं आहे ते ड्रिल चालेल. फक्त भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून दोन इंच आत राहा, नाहीतर कोपऱ्याचा टवका उडतो. एक कप वरून उघडा घ्या, दोन्ही बंद घेतले तर रॉड आत बसवणार कसा? माप वर, मध्ये, खाली वेगळं येतं, जिथे लावायचाय तिथलंच घ्या आणि रॉड हॅक्सॉने दोन तीन मिमी कमी कापा. जाळीच्या शटरचं हँडल पडद्यात अडकणार नाही एवढं अंतर ठेवा, फ्रेमपासून तीन इंच पुरे.

कोपऱ्याची अडचण पण इथेच मिटली, रॉड बाहेर जातच नाही.

खिडकीवाली

स्प्रिंगचा रॉड का नको? तो तर बिनभोकाचा.

सावकाश

@खिडकीवाली पातळ कापडाला, तीन साडेतीन फुटांपर्यंत छान. ५ फुटांवर मधून झोक येतो, आणि गुळगुळीत ऑइल पेंटवर रबर हळूहळू सरकतं. तुमच्या यूपीव्हीसीच्या खिडक्या भिंतीत आत असतील आणि लहान असतील तर तुम्हाला मात्र तोच बरा.

उचापती

ठरलं. लाकडीला पट्टी, स्लायडिंगला कप. शेवटचा प्रश्न, पट्टी लेव्हल लावून मारू का चौकटीला समांतर? लेव्हल ठेवून बघितली तर जुनी चौकट एका बाजूला बोटभर खाली आहे.

रंधा

चौकटीला समांतर. रॉड चौकटीला इतका चिकटून असणार की लेव्हलला मारलात तर डोळ्याला रॉडच तिरका वाटेल.

टेकू

समांतरच, पण बोटभर फरक असेल तर पडद्याची खालची कड जमिनीपाशी तिरकी दिसणार. शिवायला टाकायच्या आधी दोन्ही टोकांची उंची वेगवेगळी मोजा, आणि जमिनीला टेकणारे शिवत असाल तर लांब बाजूचं माप धरा, थोडे वर राहणारे असतील तर दोन पडदे दोन मापांचे शिवून घ्या. शिवून झाले असतील तर फरक अर्धा अर्धा वाटा, पट्टी मधल्यामध्ये थोडी फिरवून.

उचापती

शिवायचे बाकी आहेत अजून. मोजतो.