मदत हवी आहे: मेमरिस्टर सिनॅप्सला क्रॉसबारवरच शिकवायचं आहे, पण वेट्स एकाच पट्ट्यात येऊन बसतात

नमस्कार मंडळी,

हाफ्नियम ऑक्साइडच्या मेमरिस्टरवर (पल्स दिली की वाहकता बदलणारा आणि ती लक्षात ठेवणारा घटक) काम केलेलं कुणी इथे असेल तर मार्गदर्शन हवं आहे.

हस्तलिखित आकडे ओळखणारं छोटं न्यूरल नेटवर्क करते आहे. एकच लपलेला थर, आणि सगळी वेट्स (जोडण्यांचे भार) मेमरिस्टरच्या वाहकतेत साठवलेली. सध्या सगळं सिम्युलेशनमध्ये आहे, पण डिव्हाइसचं मॉडेल प्रत्यक्ष मोजलेल्या आलेखांवरून बनवलं आहे. त्यात प्रत्येक वेळी एकसारखीच पल्स दिली होती.

वाचनाची बाजू छान चालते. क्रॉसबार म्हणजे आडव्या-उभ्या तारांची जाळी, प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर. आडव्या तारांवर व्होल्टेज दिलं की प्रत्येक छेदावर ओहमच्या नियमाने गुणाकार होतो, उभ्या तारेत किरचॉफच्या नियमाने बेरीज होते. अख्ख्या मॅट्रिक्सचा गुणाकार एका दमात, आणि वेट्स मेमरीतून प्रोसेसरकडे न्यायचा प्रश्नच उरत नाही. मी या विषयाकडे ओढले गेले ते याच गोष्टीमुळे.

गाडं अडतं शिकवताना. सेट पल्स (वाहकता वाढवणारी) दिली की ऑक्सिजनच्या रिक्त जागांचा फिलामेंट (वाहक धागा) झटक्यात जुळतो आणि वाहकता एकदम उडी मारते. रीसेटला (वाहकता कमी करणाऱ्या पल्सला) मात्र ती पायरीपायरीने उतरते. बॅकप्रोपगेशन (उत्तरातल्या चुकीवरून वेट्स सुधारण्याची पद्धत) म्हणतं ‘थोडंसं वाढव’, आणि डिव्हाइसला थोडंसं वाढता येत नाही. अचूकता आधी चढते, मग घसरत जाते. शेवटी पाहावं तर बहुतेक वेट्स एकाच अरुंद पट्ट्यात गोळा झालेली. लर्निंग रेट (एका वेळी किती बदल करायचा ते प्रमाण) कमी केला तर हेच होतं, फक्त उशिरा.

सॉफ्टवेअरमध्ये शिकवून तयार वेट्स चिपवर लिहायची, हा मार्ग माहीत आहे. पण मेंदूतला सिनॅप्स (चेतापेशींमधला जोड) जिथे साठवतो तिथेच शिकतो, आणि मला तेच करून पाहायचं आहे. वेट्स एकाच पट्ट्यात का सरकतात? याच डिव्हाइसकडून हळूहळू वाढ करून घेता येईल का? बॅकप्रोपगेशन सोडून एसटीडीपी (दोन चेतापेशींच्या स्पंदांमधल्या वेळेच्या फरकावरून जोड बदलण्याचा नियम) वापरलं तर हा त्रास टळेल का?

प्रतिसाद १

सरकण्याचं कारण असममिती आहे. वेट योग्य जागी पोचलं तरी ग्रेडियंट (वेट कोणत्या दिशेने किती बदलायचं ते सांगणारी संख्या) शून्य होऊन थांबत नाही. एका नमुन्याला ते किंचित वर हवं असतं, दुसऱ्याला किंचित खाली. सॉफ्टवेअरमध्ये हे वर-खाली एकमेकांना खोडून काढतं. तुमच्या डिव्हाइसमध्ये वरची पायरी आणि खालची पायरी सारखी नाही, त्यामुळे दर वेळी थोडी बाकी उरते आणि ती साचत जाते. ज्या वाहकतेला दोन्ही पायऱ्या सारख्या होतात तिथे वेट जाऊन बसतं, मग नेटवर्कला काहीही हवं असो. लर्निंग रेट कमी केल्याने पायऱ्यांचं गुणोत्तर बदलत नाही, म्हणून तुम्हाला फक्त उशीर दिसतो.

एक विचारायचं होतं: छेदावर नुसता मेमरिस्टर आहे की सोबत ट्रान्झिस्टरही आहे?

धागाकर्ती

ट्रान्झिस्टर आहे. शेजारच्या पेशींमधून चोरवाटेने प्रवाह वाहू नये म्हणून घेतला होता. मोजताना त्याच्या गेटला (प्रवाह किती जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या टोकाला) कायम एकच व्होल्टेज होतं.

प्रतिसाद २

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या गेटमध्येच आहे. सेट होताना ट्रान्झिस्टर प्रवाहाला मर्यादा घालतो, आणि फिलामेंट किती जाड होणार हे त्या मर्यादेवर ठरतं. गेटचं व्होल्टेज थोडं थोडं वाढवत सेट केलं तर वाहकताही टप्प्याटप्प्याने वाढते, जवळजवळ सरळ रेषेत. कमी करायची असेल तर पेशी पूर्ण रीसेट करा आणि कमी गेट व्होल्टेजने पुन्हा सेट करा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या १२८×६४ क्रॉसबारवर याच पद्धतीने चिपवरच शिकवून एमनिस्टवर (हस्तलिखित आकड्यांचा प्रमाण संच) सुमारे ९१.७ टक्के अचूकता मिळवली होती. किंमत अशी की प्रत्येक पेशीचं शेवटचं गेट व्होल्टेज कुठेतरी नोंदवून ठेवावं लागतं.

एकसारख्याच पल्सवर राहायचं असेल तर एका वेटला दोन मेमरिस्टर द्या आणि त्यांच्या वाहकतांमधला फरक म्हणजे वेट धरा. मग फक्त रीसेट, म्हणजे तुमची सौम्य बाजू, वापरायची: वेट वाढवायला वजा बाजूचा मेमरिस्टर उतरवा, घटवायला अधिक बाजूचा. दोघांपैकी एक जरी तळाला आला की सेट करून तेवढाच फरक पुन्हा लिहायचा. हे पुनर्लेखन किती वेळा लागतं ते सिम्युलेशनमध्ये नक्की मोजा, टिकाऊपणाचा हिशोब त्यावर आहे.

प्रतिसाद ३

एसटीडीपीबद्दल: २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठात वेई लू यांच्या गटाने चांदी आणि सिलिकॉनच्या मेमरिस्टरवर ते दाखवलं, पण त्या डिव्हाइसची वाहकता दोन्ही दिशांनी सावकाश बदलत होती. तुमचा फिलामेंट झटक्यात जुळतो, तो एसटीडीपीतही झटक्यातच जुळेल. नियम बदलून पदार्थाचा स्वभाव बदलत नाही.

असममिती तशीच ठेवून मार्ग काढायचा असेल तर आयबीएमच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली ‘टिकी-टाका’ पद्धत वाचा. तिच्यात दोन क्रॉसबार असतात. पहिल्यावर ग्रेडियंट साठतो आणि अधूनमधून तो दुसऱ्याकडे पाठवला जातो. पायऱ्या सारख्या होतात ती वाहकताच पहिल्या क्रॉसबारसाठी शून्य धरलेली असते, त्यामुळे सरकणारं वेट शून्याकडेच जातं.

आणि तयार वेट्स लिहिण्याचा मार्ग पूर्ण सोडू नका. त्सिंग्हुआ विद्यापीठाने त्याच वर्षी आधी बाहेर शिकवलेली वेट्स लिहिली आणि नंतर नेटवर्कचा फक्त एक भाग चिपवर पुन्हा शिकवला. एमनिस्टवर ९६ टक्क्यांच्या वर गेले. बिघडलेल्या पेशी आणि तारांमधली व्होल्टेजची घट, दोन्ही त्या शेवटच्या शिकवणीत बऱ्यापैकी सावरली जातात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. कारण कळल्यामुळे आता कुठे हात घालायचा ते दिसतंय. गेट व्होल्टेज बदलून सेटचे आलेख पुन्हा मोजायला घेते, सोबत दोन मेमरिस्टरची रचना सिम्युलेशनमध्ये चालवते. दोन्ही आलेख इथेच टाकेन.

एक शंका अजून आहे. दोन मेमरिस्टरच्या रचनेत पुनर्लेखन करताना लिहिलेला फरक दर वेळी थोडा चुकणारच. लिहून वाचायचं, चुकलं तर पुन्हा लिहायचं, असं करावं की ती चूक पुढच्या शिकवणीवर सोडून द्यावी? कुणी प्रत्यक्ष चिपवर हे केलं असेल तर जरूर लिहा.