तळ्यात जेसीबी आणि गायरानावर अकेशिया, पंचायतीचा हा प्लॅन बरोबर हाय का?

शिवारातला_गडी:
नमस्कार मंडळी. गाव बेळगाव तालुक्यातलंच, पूर्वेकडं. गावाला एक जुनं तळं आणि त्याच्या वर गायरानाचा माळ. तळ्यात केंदाळ (जलपर्णी) एवढं माजलंय की म्हशी उतरायला बघत नाहीत, आणि माळावर नुसती कुसळं नि टणटणी, वळीव पडला की तांबडी माती सगळी खाली तळ्यात. आता पंचायतीत ठरायलंय की जेसीबीनं तळं सरसकट खोल करायचं, गाळ काठावर ओढायचा, माळावर उद्योग खात्रीतनं, म्हणजे रोजगार हमीतनं, अकेशिया नि नीलगिरी लावायची आणि पाच वर्षं चराई बंद. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब म्हणतात पडीक जमीन हिरवी होईल. पोरं खूश आहेत, मला मात्र कसंतरीच वाटायलंय. ग्रामसभा जवळ आलीय, कुणाला माहिती असेल तर सांगा की ओ.

गवत्या_खानापूर:
पहिली गोष्ट, नीलगिरी विसरा. कर्नाटकात 2017 पासून नवीन नीलगिरी लावायला बंदी आहे, ते ग्रामसभेत नुसतं विचारलंत तरी अर्धा प्लॅन गळतो. अकेशियाला जनावर तोंड लावत नाही म्हणूनच ते लावायला सोपं, पण खाली पाचोळ्याचा एवढा थर बसतो की गवत उगवायला जागाच राहत नाही, मग गायरान कसलं ते. आणि माळ म्हणजे पडीक हे कुणी डोक्यात घातलंय देव जाणे, माती धरून ठेवतात ती गवताची मुळं. आता जी कुसळी दिसते ती जास्त चरल्याची खूण आहे, नीट राखलं तर मारवेल, पवन्या असली चांगली गवतं परत येतात. फक्त बी पडेपर्यंत, म्हणजे मिरगापासून दिवाळीपर्यंत, गवताला सोडायला हवं. टणटणी मात्र मुळासकट खणून काढायची, नुसती तोडली की दुप्पट जोमानं फुटते.

बकरीवाला:
राखायचं म्हणणं सोपं हाय भाऊ. हिवरे बाजारचं उदाहरण सगळे देतात, चराईबंदी केली नि गाव सुधारलं, पण तिथं गवत कापून न्यायची मुभा होती हे कोण सांगत नाही. आमची बकरी सुगी झाल्यावरच तुमच्याकडं येतात, पावसाळ्यात आम्ही अथणी रायबागकडच्या माळावर, म्हणजे पावसाळी बंदीचा आम्हाला त्रास नाही. त्रास कुणाला, गावातल्या ज्या बाईची दोन म्हशी नि चार शेरडं हायत तिला. तिनं चार महिने काय खायला घालायचं? पाच वर्षं सगळा माळ बंद केला तर ती रात्री सोडणार, मग भांडणं, दंड, आणि पाच वर्षांनी सगळं एकदम उघडलं की एका उन्हाळ्यात साफ. त्यापेक्षा माळाचे तीन वाटे करा, एक वाटा बंद, दोन उघडे, पुढच्या वर्षी दुसरा. बंद वाट्यातलं गवत दिवाळीनंतर विळ्यानं कापून वाटून घ्या. आणि गवत अजिबात चरलं नाही तरी वाळून जाळी होते, नवा कोंब वर येत नाही, हे पण लक्षात ठेवा. आम्हाला बकरी बसवायला बोलावता तेव्हा खत गोड लागतंय, माळाची मीटिंग असली की मात्र बोलावणं नाही 😀

पाणकोंबडी:
तळ्याबद्दल माझ्याकडनं. सरसकट खोल करू नका प्लीज. तळाला वर्षानुवर्षं बसलेली चिकणमाती असते तिच्यामुळं पाणी टिकतं, जेसीबी त्याच्या खाली मुरमात गेला की पाणी मुरून जायचं. काठ कड्यासारखे सरळ झाले तर जनावरं पाण्याला जाणार कशी, पोरं बुडायची भीती ती वेगळी, आणि बगळे, तुतारी पक्षी, बदकं सगळी उथळ कडेलाच चरतात. गदग जिल्ह्यातलं मागडी तळं 2024 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, थंडीत तिथं पट्टकादंब हंस येतात, तुमच्याकडं एवढं नको पण एक बाजू उताराची ठेवायला काय हरकत आहे. मधे हवं तर थोडं खोल करा. गाळ काठावर ठेवलात तर पहिल्या पावसात परत आत, तो शेतात न्या, लोक स्वतःच्या ट्रॅक्टरनं नेतील.
केंदाळाचं म्हणाल तर ते उन्हाळ्यात दोन आठवड्यांत दुप्पट होतं आणि बी मातीत पंधरा वीस वर्षं जिवंत राहतं. 1980च्या दशकात बंगळूरच्या तळ्यांत त्याला खाणारे भुंगे सोडले होते, बऱ्याच ठिकाणी फरक पडला पण वेळ लागला. गावाचं सांडपाणी तळ्यात येतंय का ते आधी बघा. येत असेल तर कितीही काढा, बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारखं दरवर्षी तेच.

शिवारातला_गडी:
येतंय ओ, दोन गटारी सरळ तळ्यात. ते प्लॅनमध्ये नाहीच. बकरीवाले मामा, तुमचं तीन वाट्यांचं मी नक्की मांडतो. पण एक, पंचायतीतले काहीजण म्हणतात गायरान फार हाय, थोडं दुसऱ्या कामाला देऊ.

गवत्या_खानापूर:
तेच खरं दुखणं असणार बघा. महसूल नियमात शंभर जनावरांमागं 30 एकर गोमाळ (गायरान) ठेवायची तरतूद आहे. पशुखात्याकडनं गावातल्या जनावरांचा आकडा लेखी घ्या आणि त्या सर्व्हे नंबरची पहाणी, म्हणजे आपला सातबारा, काढा. किती एकर नोंद आहे नि किती उरलंय ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, इतिवृत्तात लिहूनच घ्या.

शिवारातला_गडी:
पहाणी कन्नडात येणार, मला तेवढं वाचता येत नाही.

बकरीवाला:
फोटो टाका इथं, माझी पोरगी वाचून सांगती.