तोपकापीतले कफ्तान इतके टिकले कसे? आजीचा शालू तर विरत चाललाय

हर्णैची_लेक:
भाऊ बोटीवर आहे, इस्तंबूलला बोट लागली तेव्हा तोपकापी राजवाडा बघून आला आणि ढीगभर फोटो पाठवलेत. सुलतानांचे रेशमी कफ्तान (लांब झगे), काही १६व्या शतकातले, आणि लाल रंग अजून काय ठसठशीत आहे! इथे आजीचा शालू घडीवरच चिरत चाललाय, जरीचे काठ काळे पडलेत. त्यांचं रेशीमच भारी होतं की आपली दमट हवा नडते?

सुईदोरा:
रेशीम भारी होतंच. बुर्सा हे त्यांचं विणकामाचं मोठं केंद्र, तिथल्या १५०२ च्या बाजारनियमांत कापडाचा दर्जासुद्धा ठरवून दिलाय. कच्चा माल बराचसा इराणचा, म्हणून सुलतान पहिल्या सलीमने इराणशी लढाई काढून १५१४ च्या सुमारास तो व्यापार बंद केला तेव्हा बुर्साचे माग अडचणीत आले. पण ताई, हे कपडे वाचले ते मुख्य म्हणजे ठेवण्यामुळे. सुलतान वारला की त्याचे कपडे बोचक्यात बांधून, नावाची चिठ्ठी लावून खजिन्यात ठेवायचे, म्हणजे ऊन नाही, धुणं नाही, रोजची हाताळणी नाही. (चिठ्ठ्या मागाहून इकडच्या तिकडे झाल्यात, त्यामुळे कुठला कफ्तान नक्की कोणाचा यावर अभ्यासकांचा वाद आहे.)

आणि जरीची तार त्यांचीही काळवंडते, चांदीच आहे ना ती! रेशमी धाग्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळायची, सोनेरी हवी तर पट्टीला सोन्याचा मुलामा आणि आत पिवळा धागा, रुपेरीला आत पांढरा. फोटो झूम करून बघ, पट्टी झिजलेली असेल तिथे आतला पिवळा डोकावतो.

मालवणचा_शिंपी:
मला त्या बाह्यांनी वेड लावलंय. हात खांद्याजवळच्या फटीतून बाहेर काढायचे आणि लांब बाह्या मागे नुसत्या लोंबत सोडायच्या, केवळ थाटासाठी! नक्षी पण केवढी मोठी, तीन गोळे आणि वाघाच्या पट्ट्यांसारख्या लाटा, मिरवणुकीत लांबून दिसायला हवी ना.

दापोलीची_काकू:
बाळा, शालूची घडी आधी मोड. जुन्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळी करून ठेव, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत ओल धरते आणि बुरशी येते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस. पावसाळा सरला की सावलीत वारं दे, उन्हात मुळीच नाही. चिरलेल्या जागी घरी सुई लावू नकोस, मागून मऊ कापडाचा आधार जाणकाराकडूनच लावून घे.

हर्णैची_लेक:
काकू, तो प्लास्टिकमध्येच आहे! आजच काढते.