मदत हवी आहे: पडल्यानंतर पुन्हा सायकल सुरू करतेय, रडार घेऊ की आधी दिवे आणि सवयी सुधारू?

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी ऑफिसला सायकलने जाते. जायला अकरा किलोमीटर, यायला अकरा. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी परत येताना पडले. एक गाडी मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच माझ्या पुढ्यातूनच गल्लीत वळली. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले, पुढचं चाक वाळूवरून सरकलं आणि मी मनगटावर आपटले. गाडीचा स्पर्शसुद्धा झाला नाही, चालकाला बहुधा कळलंही नसेल. मनगटाला मुका मार, गुडघा सोलला. आता बरी आहे.

खरी भीती घरी आल्यावर वाटली. सायकल भिंतीला टेकवली आणि मागचा दिवा बघितला तर बंद! बटण दाबलं, लाल ठिपका एकदा लुकलुकला आणि विझला. बॅटरी संपलेली. वर बॅगेचा पट्टा बरोबर दिव्यावर लोंबत होता. निघताना मी रोज बटण दाबते, पण दिवा माझ्या पाठीमागे, तो वाटेत कधी विझतो ते मला कसं दिसणार? किती संध्याकाळी मी अशीच अंधारात घरी आले असेन, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

आणखी एक. पडल्यावर घरी आपोआप निरोप जावा म्हणून फोनवर ॲप घेतलं होतं. ते गप्प राहिलं. नंतर लक्षात आलं की फोनच्या बॅटरी सेव्हरने ते परस्पर बंद केलं होतं.

आता नवरा म्हणतो मागून येणाऱ्या गाड्या ओळखणारं रडार घे, मगच सायकल काढ. मुलगी म्हणते पडल्यावर कळवणारं घड्याळ घे. एकदम सगळं घेणं जमणार नाही. सायकल सोडायची नाही हे मात्र नक्की. ज्यांनी या वस्तू रोजच्या रस्त्यावर वापरल्या आहेत त्यांनी सांगा, आधी काय घेऊ? आणि माझं चालवण्यात कुठे चुकलं असेल तर तेही स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

दोनचाकी:
ताई, थोडक्यात निभावलं, हे आधी.

मी तीन वर्षं गार्मिन व्हारिया हे रडार वापरतोय. ते १४० मीटरपर्यंतची मागची गाडी पकडतं. तुम्ही ताशी २० ने जात असाल आणि गाडी ६० ने येत असेल, तर दोघांतला फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. १४० मीटर कापायला तिला बारा-तेरा सेकंद लागतात. तेवढ्यात खड्डा टाळायला मध्ये यायचं की थांबायचं हे शांतपणे ठरवता येतं. वारा कानात घोंघावत असतो तेव्हा, आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी, मला त्याचा फार आधार वाटतो.

पण त्याला काय कळत नाही तेही ऐका. गाडी येतेय एवढं ते सांगतं, ती तुमच्यापासून किती अंतर सोडून जाईल हे सांगत नाही. तुमच्याच वेगाने मागे चिकटलेली गाडी त्याला नीट दिसत नाही, कारण ते जवळ येणाऱ्या वस्तूवर चालतं. आणि तुमच्या प्रसंगात? गाडी मागे असताना ते वाजलं असतं, ती पुढे गेल्यावर मागचा रस्ता मोकळा दाखवून गप्प झालं असतं. घात तर त्यानंतर झाला. रडार वाजलं नाही म्हणून मान न वळवता मध्ये येणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीच करू नका. घ्या जरूर, पण पहिली खरेदी म्हणून नाही.

कडेचा_स्वार:
चालवण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवत होता का? कडेने गेलं की सुरक्षित असं आपल्याला लहानपणापासून वाटतं, पण गल्लीच्या तोंडाशी तेच नडतं. मागच्याला वाटतं जागा आहे, जाऊ पटकन पुढे आणि वळू. चौक किंवा गल्ली यायच्या बरंच आधी मागे बघायचं, हात दाखवायचा आणि आपल्या लेनच्या मध्यावर यायचं. मग त्याला तुमच्या मागे थांबावं लागतं. गल्ली ओलांडली की परत बाजूला. वाळू, काचा, खडी हे सगळं कडेलाच साचतं, तेही टळतं.

दुसरं, पुढे गेलेल्या गाडीच्या इंडिकेटरवर विसंबू नका, पुढच्या चाकाकडे बघा. गाडीचं धूड वळायच्या आधी चाक वळलेलं दिसतं, वेगही किंचित तुटतो. तेवढ्यात बोटं ब्रेकवर हवीत. लांबच्या गाडीला, ट्रकला, वळणाच्या आतल्या बाजूने कधीही गाठू नका. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. उभ्या गाड्यांपासून उघड्या दरवाज्याएवढं अंतर ठेवायचं, हे तुम्ही पाळत असालच.

आणि ब्रेकचा सराव करा. मोकळ्या मैदानात रोज दहा मिनिटं. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, पण तो झटक्याने नाही, दाब वाढवत नेत दाबायचा, कंबर सीटच्या मागे न्यायची, हात ताठ. वाळू असेल तिथे मात्र पुढचा हलकाच, चाक सरळ. आठवडाभर केलंत तर हाताला सवय होते, मग घाबरल्यावरही हात तेच करतो.

लाल_दिवा:
माझं मत सरळ आहे: आधी दिवे. आणि दिवसासुद्धा लावा. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात ३८४५ सायकलस्वारांवर वर्षभर प्रयोग झाला. जवळपास निम्म्यांना चाकाबरोबर चुंबकाने चालणारे, सतत चालू राहणारे दिवे दिले, बाकीच्यांना नाही. २०१३ साली निष्कर्ष छापून आले: दिवेवाल्यांचे जखमी होण्याचे अपघात १९ टक्के कमी. त्या दिव्यांना ना बटण होतं ना चार्जिंग, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे, दिवा माणसाच्या आठवणीवर अवलंबून असणं. डायनॅमोचा हब (चाकाच्या मध्यभागी बसणारा, चाक फिरताना वीज करणारा भाग) असलेलं चाक बसवता आलं तर हा प्रश्न कायमचा मिटतो. नाहीतर मागे दोन स्वतंत्र दिवे लावा, एक सीटच्या दांड्यावर स्थिर, एक हेल्मेटवर किंवा बॅगेवर लुकलुकणारा. एक मेला तरी दुसरा असतो. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंधारात अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून एक तरी स्थिर हवाच.

पिवळं फ्लुरोसंट जॅकेट दिवसा उत्तम, पण ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतं. रात्री ते साध्या कापडासारखंच. रात्रीसाठी परावर्तक पट्ट्या, आणि त्या घोट्यावर बांधा. पॅडलबरोबर पाय वर-खाली होतो तेव्हा मागच्याला क्षणात कळतं की हा माणूस आहे. छातीवरच्या स्थिर पट्टीने ते इतक्या लवकर कळत नाही.

दोनचाकी:
वरच्याला दुजोरा. हेल्मेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. डोकं आपटलं होतं का?

धागाकर्ती:
आपटलं असं वाटलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता हेल्मेट उन्हात नेऊन बघितलं. बाहेरून एक ओरखडा, बस. पण आतला पॅड काढून कानशिलाजवळ अंगठ्याने दाबलं तर फोममध्ये केसासारखी चीर उघडली आणि मिटली. मी गेले तीन आठवडे हेच परत घालायचं ठरवून बसले होते. म्हणजे पहिली खरेदी ठरली.

कडेबद्दल तुमचं अगदी बरोबर. मी कडेच्या पांढऱ्या रेघेवरूनच चालवते. सगळ्यांना वाट द्यावी, कुणाचा खोळंबा होऊ नये, असंच वाटायचं.

लाल_दिवा:
हो, बदलाच. तो फोम एकदाच दबण्यासाठी असतो. दबून धक्का खातो आणि त्याचं काम संपतं.

घरी_वाट_बघणारी:
मी सायकल चालवत नाही, माझा मुलगा चालवतो. ॲपबद्दल लिहिते, कारण आमच्याकडेही हेच झालं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या विभागात जाऊन त्या ॲपवरचं बंधन काढायचं, आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यायची. फोन अपडेट झाल्यावर ती परत तपासायची. घड्याळ घेतलंत तर ॲपल वॉचमध्ये जोरात पडल्यावर मिनिटभर हालचाल झाली नाही तर ते स्वतः आपत्कालीन सेवेला फोन करतं, पण ती सोय चालू आहे ना हे सेटिंगमध्ये बघून घ्या. सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवर लावायचं वेग-अंतर दाखवणारं यंत्र, वापरणाऱ्यांचा निरोप बहुतेक वेळा जोडलेल्या फोनमधूनच जातो. फोनला रेंज नाही तर निरोपही नाही.

म्हणून आम्ही भरवसा उलट्या बाजूने ठेवलाय. तो निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एका तासासाठी पाठवतो आणि पोचायची वेळ लिहितो. त्या वेळेनंतर वीस मिनिटं झाली की मी फोन करते, उचलला नाही तर लोकेशन बघून निघते. यंत्र विसरलं तरी मी विसरत नाही. आणि लॉक असलेल्या फोनवरही दिसेल अशी रक्तगट, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर ही माहिती भरून ठेवा. ताई, तुमच्या घरच्यांना रडारपेक्षा या वीस मिनिटांच्या ठरावाने जास्त धीर येईल असं मला वाटतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. वीस मिनिटांचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो लगेच हो म्हणाला. आता क्रम असा: हेल्मेट, दुसरा मागचा दिवा, घोट्याच्या पट्ट्या. रडार नंतर. दिव्याचं चार्जिंग फोनच्या शेजारीच ठेवलंय, रात्री दोन्ही एकदमच लागतील. ब्रेकचा सराव कालपासून सुरू केलाय. पहिल्या दिवशी मागचं चाक दोनदा उचललं गेलं, आज एकदाही नाही.

एक नवीन अडचण. काल रात्री नवऱ्याने सायकल धरली आणि मी पन्नास पावलं मागे जाऊन बघितलं. दिवा भरलेला, चालू, पट्टाही नाही, तरी अगदी मंद दिसला. वाकले तेव्हा एकदम झगझगीत! सीटचा दांडा मागे कललेला आहे ना, त्यामुळे दिवा जमिनीकडे बघतोय. नवीन क्लॅम्प घ्यावा लागेल का?

लाल_दिवा:
नाही लागणार. जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, दोन-तीन घड्या घालून एका बाजूला जाड करा आणि दिव्याच्या पट्ट्याखाली, दांड्याला लागून ठेवा. जाड बाजू खाली. पट्टा घट्ट ओढा आणि परत पन्नास पावलं मागे जाऊन बघा.