शीरखुर्मा दुपारपर्यंत घट्ट गोळा का होतो?

माहीमची सून: ईदला १ लिटर दुधाचा शीरखुर्मा करायचा आहे. सकाळी छान, दुपारी चमचा उभा राहतो. मागच्या खेपेला दूधही फाटलं. प्रमाण सांगाल का?

खारीकबदाम: शेवया जास्त पडताहेत. १ लिटर फुल क्रीम दुधाला ५० ग्रॅम पुरे, त्याही केसासारख्या बारीक. ही खीर नव्हे. फारसीत शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, शेवई पाहुणी. शेवया २ चमचे तुपात मंद आचेवर बदामी भाजा. दूध पाऊण होईपर्यंत आटवा, मग शेवया घालून ४-५ मिनिटंच. साखर (८० ग्रॅम) त्या मऊ झाल्यावर. आधी घातली तर चिवट राहतात. पातळ वाटतानाच गॅस बंद करा, गार होताना त्या दूध पितातच. दुपारी वाढताना कपभर गरम दूध ओता.

चारोळीवाला: दूध फाटतं ते बहुतेक आंबटसर मनुकांमुळे. त्या तुपात फुगवा आणि गॅस बंद केल्यावर, अगदी शेवटी घाला. खजुराऐवजी ८-१० खारका रात्रभर भिजवून, उभ्या चिरून तुपात परता. चारोळी गरम पाण्यात २० मिनिटं ठेवून फडक्यावर चोळली की सालं सुटतात. घेताना क्रॉफर्ड मार्केटात एक दाणा चावून बघाच. खवट चारोळी अख्खं पातेलं वाया घालवते.

माहीमची सून: मी १५० ग्रॅम शेवया घालत होते! कळलं.